माईच्या पदरातला बेल

आमच्या गावच्या म्युनिसिपल कमिटीत अध्यक्षांची एक सागवानी खुर्ची होती. तिला दोनच माणसं हात लावीत. एक अध्यक्ष आणि दुसरी माई. सभेच्या दिवशी माई सगळ्यांच्या आधी कचेरीत जायची, ओल्या फडक्याने खुर्ची पुसायची, पाठीला हळदीचं बोट लावायची आणि नमस्कार करून दाराशी जमिनीवर बसायची. मग अध्यक्ष यायचे. त्यांना मात्र ती नमस्कार करीत नसे.

एकदा नव्या शिपायाने तिला हटकलं. "ओ माई, तिथं सायेब बसतात. हे काय देऊळ हाय?"

"खुर्ची देवाचीच हाय बाप्पा," माई फडकं पिळत म्हणाली. "बसनारा भाड्याचा."

कमिटीत तिचं काही काम नव्हतं. ती सभासद नव्हती, कोणाची बायको नव्हती, कोणाची आईही नव्हती. आसेगावकडच्या शेतकरी घरात लहानपणीच विधवा होऊन ती गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात झाडलोट करायला आली आणि तिथलीच झाली. पांढरं लुगडं, गळ्यात काही नाही, हातात रुद्राक्षाची माळ. सभा सुरू झाली की माळ सुरू होई. ओठ हलत, मणी सरकत. पण सभेत कोणी खोटं बोललं की माळ थांबे. ती काही म्हणत नसे, मान वर करून पाहतही नसे. फक्त बोटं थांबत. सभासदांना त्या माळेची इतकी सवय झाली होती, की बोलता बोलता त्यांचे डोळे दाराकडे जात. "माईची माळ थांबंल बरं" असं गावातल्या बायका थापाड्या पोरांना म्हणू लागल्या होत्या.

तिच्या शेजारी खाला बसायची. खाला कसाबपुऱ्याजवळ राहायची आणि मुलींना कुराण वाचायला शिकवायची. दोघींची ओळख एका तुंबलेल्या नालीपायी झाली. नाली देवळामागून निघून खालाच्या दारापुढून जात होती. तक्रार घेऊन दोघी एकाच दिवशी कचेरीत आल्या, दिवसभर बसून राहिल्या आणि पुढे बसतच राहिल्या. खालाच्या हातात तस्बीह, म्हणजे त्यांची जपमाळ, असे. तिची तस्बीह कधी थांबत नसे. "मले दोन काम एकदम जमतात," ती म्हणायची. "अल्लाचं नाव घेतो अन् यायले शिव्याही देतो, पोटातल्या पोटात."

"म्हनून तुह्या माळेले कोनी भेत नाई," माई म्हणायची.

माई मला भेटली ती माझी शिक्षिका म्हणून. मी नागपूरला मिशनच्या शाळेत वाढले. सुटीत घरी आले की पाहुण्यांसमोर इंग्रजी कविता म्हणून दाखवायची आणि मराठी वाचायला दिलं की अक्षराअक्षराला अडखळायची. शाळा संपवून कायमची घरी आले तेव्हा नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे बरं वाटेना. ते वकील होते आणि त्यांचं मराठी ऐकायला आजूबाजूचे लोक कोर्टात येऊन बसत. त्यांनी माईला बोलावलं. ती वाचायला कुठे शिकली हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण देवळात बायकांना पोथी तीच वाचून दाखवी.

पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "तुह्या शाळेतल्या त्या मड्डमायले नवरे नाई म्हनते?"

मी म्हटलं, "नाहीत. त्या देवाच्या असतात."

"लेकरू?"

"नाही."

"मंग माह्यासारख्याच. अन् त्या पार्टी कोनती धरतात? साहेबाची का काँग्रेसची?"

मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हटलं, "कोणाचीच नाही बहुतेक."

"तं बराबर हाय," माई म्हणाली आणि पोथी उघडली.

तिची शिकवण्याची रीत अशी की एक ओवी वाचायची आणि मग सांगायचं, आज तू यातलं काय करशील. अर्थ सांगून सुटका नव्हती. मी लाजाळू, चार शब्द बोलायला मला वेळ लागे. ती थांबे. तिला घाई कधीच नसे. एकदा मी म्हटलं, "या ओवीत करण्यासारखं काही नाही, ही नुसती स्तुती आहे." ती म्हणाली, "तं आज कोनाची तरी स्तुती कर. खोटी नोको." त्या दिवशी मी आईच्या आमटीची स्तुती केली. आईने मला कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

निवडणूक लागली की माई सुतक पाळायची. उमेदवाराच्या घरचा चहा नाही, पान नाही, पाणीसुद्धा नाही. मला शिकवायला येताना आपला तांब्या भरून आणायची आणि शेजारी ठेवायची, कारण नाना दर निवडणुकीत उभे राहत. आईला ते फार लागे. "अहो माई, पाण्याला कसली आली पार्टी?"

"पान्याले नाई. पिनाराले येते."

त्या दिवसांत ती आणि खाला प्रत्येक उमेदवाराच्या दारी जाऊन तेच तेच प्रश्न विचारीत. खालच्या वस्तीतली विहीर कोणत्या महिन्यात आटते? कचेरीच्या किल्ल्या कोणापाशी ठेवशील? आणि तुला जावई किती? तिसऱ्या प्रश्नावर लोक हसत. पण रस्त्याचे आणि नाल्यांचे ठेके कोणाला जातात हे सगळ्या गावाला माहीत होतं. नाना म्हणाले होते, "माई, मला एकच मुलगी, तीही बिनलग्नाची." माई म्हणाली, "होईल तवा परत इचारतो." उत्तरं ऐकून दोघी उठत. हा चांगला, तो वाईट असं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. नाना म्हणत, "या दोघींनी नुसती मान हलवली तरी अर्धं गाव फिरेल." ती मान कधी हलली नाही.

एकदा मात्र माळ नानांवरच थांबली होती. नाना तेव्हा सभासद होते. खालच्या वस्तीतल्या विहिरीबद्दल बोलताना ते म्हणाले, "मी स्वतः पाहून आलो आहे." माळ थांबली. नानांचं वाक्य अर्धंच राहिलं. हे मला त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोर्टाला जाण्याआधी ते पायी खालच्या वस्तीत गेले आणि परत आले तेव्हा जोडे चिखलाने भरलेले होते. आईने विचारलं, "कुठे गेला होता?" नाना म्हणाले, "काल सांगितलं ते खरं करायला."

म्हणून पुढे जे झालं त्याचा अर्थ मला अजून नीट लावता येत नाही. नाना वाईट माणूस नव्हते.

त्या वर्षी नाना आणि कापसाच्या जिनिंगचे मालक शेटजी एकाच वॉर्डातून उभे होते. जो येईल तोच अध्यक्ष होणार हे ठरल्यासारखं होतं. शेटजींनी आजवर खालच्या वस्तीच्या पाण्याला विरोधच केला होता. नानांनी त्या पाण्यासाठी पाच वर्षं घालवली होती. त्यांना ती निवडणूक जिंकायचीच होती.

आमच्याकडे बेलभंडार उचलणं ही साधी गोष्ट नाही. बेलाचं पान आणि हळद तळहातावर घेऊन महादेवाच्या नावाने शब्द दिला की तो मोडत नाहीत. मोडला तर वंशाला लागतो असं मानतात. बेल उचलून भावाभावांचे तंटे मिटत. नानांच्या अनेक खटल्यांत जे कागदाने झालं नाही ते बेलाने झालं होतं. त्या निवडणुकीत कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की मतासाठी बेल उचलून घ्यावा. शेटजींची माणसं घरोघर हिंडत असल्याचं नानांच्या कारकुनाने येऊन सांगितलं. मुसलमानांच्या घरी कुराणावर हात ठेवून घेत होते. कारकून म्हणाला, "साहेब, आपण नाही घेतला तर उद्या मोजायला काही उरणार नाही." नाना बराच वेळ चष्मा पुसत बसले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. कारकून निघून गेला.

सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून रविवारीच कारकून माईकडे गेला. देवळातल्या झाडाचा टोपलीभर बेल हवा, वकीलसाहेबांकडे अभिषेक आहे, असं त्याने सांगितलं. माईने स्वतः तोडून दिला. वर म्हणाली, "पोरीले सांगजो, मंत्र नीट ऐक म्हना."

आमच्या समोर एक टांगेवाला राहायचा. त्याच्या टांग्याची पट्टी कमिटीत भरली जाई, म्हणून त्याला मत होतं. सकाळी तो नानांना कोर्टात सोडी आणि गाडीच्या वेळी शेटजींना स्टेशनवर. शनिवारी शेटजींच्या माणसांनी त्याच्याकडून बेल उचलून घेतला. सोमवारी आमच्या कारकुनाने. त्याला नाही म्हणता आलं नाही. ना यांना, ना त्यांना. मंगळवारी तो बाजेवर पडला तो उठेना. जेवेना, घोडा सोडेना. बुधवारी त्याची बायको रडत देवळात गेली. "माई, माह्या मानसानं दोहीकडून बेल उचलला. कोनालेही मत देल्लं तरी मेला. घरात लहान लहान लेकरं हायेत व!"

माईने तिला विचारलं, "वकिलाच्या मानसानं आनलेला बेल कोनत्या झाडाचा होता?"

आमचा धडा चालायचा त्या वेळी माई आमच्याकडे आली, पण बसली नाही. नाना ओटीवर कारकुनाशी बोलत होते. मी पोथी घेऊन दारात उभी होते.

"भाऊ," माई म्हणाली, "अभिषेक चांगला झाला ना?"

नानांनी कारकुनाकडे पाहिलं. अभिषेकाची थाप त्यांना तेव्हाच कळली असावी. त्यांचा चेहरा उतरला.

कारकून म्हणाला, "माई, सुरुवात तिकडच्यांनी केली."

"मी तिकूनच येऊन राह्यली. ते म्हनते इकडच्यायनं केली." मग ती नानांकडे वळली. "तू बोल भाऊ. त्याच्याशी माहं काम नाई."

नाना म्हणाले, "माई, शेटजी आले तर खालच्या वस्तीला पाणी मिळेल? तुम्हीच सांगा. माझ्या हेतूत काही खोट आहे?"

"नाई. म्हनूनच तुह्या दारात उभी हाय. चांगल्या मानसानं देवाले दलाल केलं, तं वाईट मानसानं काय कराव?"

समोर टांगेवाल्याचा घोडा पाय आपटत होता.

"सोड सगळ्यायले," माई म्हणाली. "चौकात उभा राह्य अन् सांग, माह्यासाठी उचललेला बेल मी सोडला."

"मी एकट्यानं? शेटजी सोडणार नाहीत. म्हणजे मी आजच हरलो."

"हो."

"ते मला नाही जमणार, माई."

नाना हे फार हळू म्हणाले. माईने मान हलवली, जशी ती माझं वाचन चुकलं की हलवायची, रागाशिवाय. मला म्हणाली, "पोरी, आज धडा नाई." मी तिच्यामागून पायरी उतरू लागले तशी तिने हात आडवा केला. "तू येऊ नोको. वकिलाची पोर सोबत दिसली तं लोकायले वाटंल वकिलानंच धाडली."

म्हणून मी जे पाहिलं ते आमच्या खिडकीतून. मत पडायच्या आदल्या सकाळी माई आणि खाला आमच्या गल्लीत आल्या. पहिलं घर टांगेवाल्याचं. माई बाजेपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने पदर पसरला.

"आन दोनी बेल. टाक इथं."

त्याने ते देव्हाऱ्यात जपून ठेवले होते. बायकोने आणून त्याच्या हातात दिले. ते पार सुकले होते. "माई, पन शब्द मोडल्याचं पाप कोनाले लागंल?"

"मले."

"तुमाले काहून?"

"मी मांगून घेऊन राह्यली म्हनून. मोडला तो मी मोडला. आता उद्या तुले जो चांगला वाटंल त्याले मत दे, अन् कोनाले देल्लं ते मलेही सांगू नोको." तिने पदराची गाठ मारली. "अन् आधी त्या घोड्याले चारा टाक. त्यानं कोनाचा बेल उचलला नाई."

टांगेवाला उठून बसला. बायकोला हसू आणि रडू एकदमच आलं.

मुसलमान घरांत खाला पुढे व्हायची आणि माई ओट्यावर थांबायची. खालाचा आवाज गल्लीभर ऐकू येई. "जबरदस्तीची कसम घेतली ना? तोड. तीन रोजे ठेव, अल्ला माफ करते. आमच्यात रस्ता हाय त्याचा." एका दारातून बाहेर आल्यावर तिने माईला विचारलं, "तुमच्यात काय रस्ता हाय व?"

"असंल," माई म्हणाली. "मले कोनी सांगतला नाई."

"मंग हे सगळं बांधून घेऊन कुठी जाशील?"

"जाईन तिथी. चाल, ऊन होऊन राह्यलं."

गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिचा पदर फुगला होता. त्यात आमचा बेल होता आणि शेटजींचाही. तिने विचारून वेगवेगळा बांधला नाही.

नाना आत होते. खिडकीशी आले नाहीत.

ते थोडक्या मतांनी हरले. लोकांनी नाना नाना म्हणायचं आणि मत शेटजींना द्यायचं, याची कारणं पुष्कळ असतील. पण आमच्या ओटीवर जमणारे लोक म्हणत, माईने घात केला. शेटजींची माणसं म्हणत, तिने केलं नसतं तर दुप्पट मतांनी आलो असतो. शेटजींनी तिला लुगडं पाठवलं, ते तिने परत केलं. पहिल्या सभेच्या दिवशी तिने नेहमीसारखी खुर्ची पुसली, हळदीचं बोट लावलं आणि दाराशी बसली. शेटजी म्हणाले, "माई, आता तरी नमस्कार करा." माई म्हणाली, "खुर्चीले केला ना. तुमी त्याच्यातच बसले." खालच्या वस्तीची विहीर शेटजींनीच खोल केली. ठेका जावयाला मिळाला. त्या सभेत माळ इतका वेळ थांबली, की शेटजींनी शेवटी पंखेवाल्याला दार लोटून घ्यायला सांगितलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. हातात तांब्या नव्हता. "सुतक फिटलं," ती मला म्हणाली. "पानी दे पोरी." मी पाणी दिलं. ती उभ्यानेच सगळं प्यायली. नाना आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं आणि त्यांना ऐकू येत होतं. ते बाहेर आले नाहीत. तिनेही हाक मारली नाही. धडे पुढे चालू राहिले, पण नाना त्या वेळेला घरी नसायचे.

त्यानंतर माई गाभाऱ्यात गेली नाही. हे पहिल्यांदा बायकांच्या ध्यानात आलं. देऊळ ती झाडायची, पाणी भरून उंबऱ्याशी ठेवायची, बेल तोडून दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची आणि स्वतः बाहेर नंदीपाशी बसायची. पुजारी म्हणाला, "माई, तुम्हाला कोणी अडवलं आहे का?" ती म्हणाली, "नाई बाप्पा. त्याच्या नावाचे इतके शब्द मोडले म्या. कोनत्या तोंडानं पुढं जाऊ?"

मी एकदा तिला म्हटलं, "माई, तुम्ही तर लोकांना सोडवलं. देवाला हे कळत नसेल का?"

"कळत असंल. तो बलावल तवा जाईन." मग थोड्या वेळाने, "पोरी, पाप लागत नाई असं समजून घेतलं असतं, तं त्यात देल्लं काय म्या?"

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नागपूरच्या शाळेत आम्हाला त्याग शिकवला होता, त्याच्या गोष्टी होत्या, चित्रं होती. पण ज्याला नरक खरोखरच आहे असं वाटतं, त्याने तो मागून घेणं म्हणजे काय, हे मी नंदीशेजारी बसलेल्या त्या बाईकडे पाहून समजले. तिला भीती वाटत होती. तिचा हात नंदीच्या पाठीवर असे आणि डोळे आतल्या दिव्यावर.

पौषात ती गेली. फार आजारी नव्हती. नंदीपाशीच भिंतीला टेकून बसलेली सापडली. तिच्या तिरडीमागे शेटजीही चालले आणि नानाही चालले, एकमेकांशी न बोलता.

संक्रांतीला आईने मला तिळगूळ घेऊन खालाकडे पाठवलं. दुपार होती. खालाचे ओठ सुकलेले होते. तिने तिळगूळ घेतला, डब्यात ठेवला आणि म्हणाली, "दिवस बुडाल्यावर, मगरिबनंतर खाईन."

मी म्हटलं, "पण रमजान तर नाही."

"तिचे रोजे हायेत." ती सूप घेऊन तांदूळ पाखडू लागली. "गावाचं गाव बांधून घेतलं तिनं पदरात. रस्ता मालूम नाई म्हने. एका कसमेचे तीन रोजे. एकटीले कवा फिटनार ते? म्हनलं, आपन होईल तितकं फेडू."

"खाला, दुसऱ्याच्या नावाने असं चालतं?"

"मौलवीसायबाले नाई इचारलं."

"का?"

"इचारलं तं नाई म्हनतीन. म्हनून नाई इचारलं."

घरी आले तेव्हा नाना ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. आईने आतून विचारलं, "खाल्ला का गं खालाने तिळगूळ?" मी सांगितलं, काय झालं ते. जसं ऐकलं तसं. नानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही, खालीही ठेवलं नाही.

जेवणाची पानं मांडली तेव्हा ते म्हणाले, "माझं वाढू नका."

आई म्हणाली, "अहो, सणाच्या दिवशी? बरं नाही का?"

"बरं आहे."

दुसऱ्या दिवशी ते डबा न घेता कोर्टात गेले. टांगेवाला आम्हाला सांगत आला, "सायबानं दिवसभर काई खाल्लं नाई, बाई. म्या इचारलं तं म्हने, टांगा चालव." तिसऱ्या दिवशी आईला राहवलं नाही. ती नानांच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काय चाललंय ते मला कळलं आहे. मी अडवत नाही. पण हे किती दिवस?"

नाना कोट घालत होते. त्यांनी बटणं लावली, टोपी घेतली.

"बेल किती जणांना उचलायला लावला, ते मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "आज कारकुनाला विचारतो."